विमानाचे अंतर, विमानाचा वेळ: सोलापूरहून मांडलेला हिशेब

सोलापूरहून मुंबई किती लांब आहे, या प्रश्नाचे उत्तर सोलापुरात कोणाला विचारतो यावर अवलंबून असते. रेल्वेने जाणारा माणूस ४५५ किलोमीटर म्हणतो, कारण सोलापूर स्थानकापासून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत रूळ तेवढे लांब आहेत. स्वतःची गाडी घेऊन जाणारा साधारण ४०० सांगतो. होटगी रस्त्यावरच्या विमानतळाचा विचार करणारा ३६० च्या आसपास सांगतो. तिघांपैकी कोणीही चूक नाही. ९ जून २०२५ रोजी सोलापूर–गोवा विमानसेवा सुरू झाली आणि त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला सोलापूर–मुंबई सुरू झाली, तेव्हापासून हा तिसरा आकडा आपल्या बोलण्यात येऊ लागला आहे. त्याच्या जोडीने आणखी एक प्रश्न हमखास येतो: अंतर एवढेच आणि विमानाचा वेग ताशी आठशे किलोमीटर, तर मग तास-सव्वा तास कशाला लागतो? हा प्रश्न विचारणाऱ्याचा भागाकार बरोबर असतो, तरीही उत्तर चुकते. ते का चुकते, हे समजून घेण्यासाठी अंतर म्हणजे नेमके काय मोजले आणि वेळ म्हणजे कुठून कुठपर्यंतचा, या दोन गोष्टी सावकाश उलगडाव्या लागतात.

आधी अंतर पाहू. शाळेतला पृथ्वीगोल घ्यावा आणि सोलापूरच्या कोणत्याही मागावर मिळेल असे चांगले पीळदार सूत घ्यावे. गोलावर दोन शहरांवर बोटे ठेवून सूत ताणले की ते स्वतःहून सर्वांत जवळच्या वाटेने बसते. त्या सुताची लांबी म्हणजे त्या दोन शहरांमधले हवाई अंतर. सूत ज्या वाटेने बसते ती वाट तशीच पुढे वाढवत नेली, तर ती पृथ्वीला पूर्ण वळसा घालून पुन्हा पहिल्या ठिकाणी येते आणि पृथ्वीचे बरोबर दोन समान भाग करते. अशा वर्तुळाला बृहद्वृत्त म्हणतात. विषुववृत्त हे बृहद्वृत्त आहे आणि समोरासमोरची दोन रेखावृत्ते जोडली की त्यांचेही बृहद्वृत्त होते, परंतु सोलापूरवरून जाणारे अक्षवृत्त मात्र बृहद्वृत्त नाही, कारण ते पृथ्वीचे समान भाग करत नाही. ही बाब लहान वाटते, पण लांबच्या प्रवासाचे सगळे कोडे तिच्यातच आहे.

सूत न ताणता, आकडेमोड करूनही हे अंतर काढता येते आणि जवळच्या शहरांसाठी त्याला दहावीच्या गणितापलीकडे काही लागत नाही. सोलापूर विमानतळ साधारण १७.६३ अंश उत्तर अक्षांश आणि ७५.९३ अंश पूर्व रेखांशावर आहे, तर मुंबईचा विमानतळ १९.०९ अंश उत्तर आणि ७२.८७ अंश पूर्व येथे आहे. अक्षांशांतला फरक १.४६ अंश आहे. एक अक्षांश कुठेही गेले तरी सुमारे १११ किलोमीटरचा असतो, म्हणून मुंबई आपल्यापेक्षा उत्तरेला सुमारे १६२ किलोमीटर आहे. रेखांशांतला फरक ३.०६ अंश आहे, पण येथे १११ ने गुणायचे नाही. रेखावृत्ते ध्रुवांकडे जाताना एकमेकांच्या जवळ येतात, त्यामुळे विषुववृत्तावर १११ किलोमीटर असलेला एक रेखांश सोलापूर–मुंबईच्या पट्ट्यात साधारण साडेएकशेपाच किलोमीटरच उरतो. म्हणून मुंबई आपल्यापेक्षा पश्चिमेला सुमारे ३२३ किलोमीटर आहे. आता १६२ आणि ३२३ या दोन बाजूंचा काटकोन त्रिकोण काढून पायथागोरसच्या प्रमेयाने कर्ण काढला की ३६१ किलोमीटर मिळतात. याच रीतीने गोव्यातल्या मोपा विमानतळाचे अंतर सुमारे ३०५ किलोमीटर, पुण्याच्या लोहगावचे २३८ आणि हैदराबादजवळच्या शमशाबादचे सुमारे २६८ किलोमीटर भरते. हैदराबाद पुण्यापेक्षा फक्त तीसच किलोमीटरने लांब आहे, हे प्रथम पाहिले तेव्हा मलाही नवल वाटले होते. पण घरात तेलुगू बोलणाऱ्या आणि सणासुदीला पूर्वेकडे जाणाऱ्या सोलापूरकरांना ते नवे वाटणार नाही.

सोलापूरहून मुंबईकडे ताणलेले हे सूत कोणत्या गावांवरून जाते, हे नकाशावर पाहण्यासारखे आहे. ते मोहोळच्या थोडे दक्षिणेकडून निघते, इंदापूरच्या परिसरातून जाते, दौंड आणि बारामती यांच्या मधून पुढे सरकते आणि जवळजवळ नेमके लोहगावच्या विमानतळावरून मुंबईला पोहोचते. म्हणजे पुणे हे सोलापूर–मुंबई रेषेवरच आहे. पुण्याला जाणारा महामार्गही बराचसा याच रेषेला धरून जातो, म्हणून रस्त्याचे अंतर हवाई अंतरापेक्षा केवळ दहाएक टक्क्यांनी जास्त आहे. लोहमार्गाची गोष्ट वेगळी. तो मोहोळहून उत्तरेला कुर्डुवाडीकडे वळतो, उजनीच्या पाण्याला बाजूला ठेवत जेऊर, भिगवण, दौंड असे करत पुण्याला येतो आणि मग बोरघाट उतरून कल्याणमार्गे मुंबईत शिरतो, कारण आगगाडीला तीव्र चढ आणि तीव्र वळण दोन्ही झेपत नाहीत. त्या प्रत्येक वळणाची किंमत मिळून जवळजवळ शंभर किलोमीटर होते. गोव्याच्या बाबतीत रस्त्यालाही असाच भुर्दंड पडतो, कारण मध्ये सह्याद्री आडवा आहे आणि घाट उतरल्यावाचून कोकणपट्टीत जाता येत नाही. हवाई अंतर तीनशे पाच असले, तरी रस्त्याने चारशेच्या आसपास किलोमीटर आणि त्यातही संथ घाटरस्ता वाट्याला येतो. त्यामुळे सोलापूरहून विमानाचा खरा फायदा मुंबईपेक्षा गोव्याच्या मार्गावर अधिक दिसतो, असे माझे मत आहे.

काटकोन त्रिकोणाची ही युक्ती काहीशे किलोमीटरपर्यंत उत्तम चालते. त्यापुढे पृथ्वीचा गोलपणा आड येतो. मुंबई–न्यूयॉर्क हे उदाहरण घेऊ, कारण सोलापूरची बरीच मुले शिकायला आणि नोकरीला तिकडे गेली आहेत आणि त्यांच्या आईवडिलांनी विमानातल्या पडद्यावरचा नकाशा पाहून ‘अमेरिका पश्चिमेला, मग विमान उत्तरेला का चालले?’ असे नक्कीच विचारले असेल. भिंतीवरच्या सपाट नकाशावर मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत पट्टीने रेषा ओढली, तर ती अरबस्तान, उत्तर आफ्रिका आणि अटलांटिक महासागर यांवरून जाते. मरकेटर पद्धतीच्या नकाशावरील त्या सरळ रेषेने खरोखर प्रवास केला तर सुमारे १४,२०० किलोमीटर जावे लागेल. पृथ्वीगोलावर सूत ताणून पाहिले तर ते मुंबईहून वायव्येपेक्षाही अधिक उत्तरेकडे झुकते, मध्य आशिया आणि रशियावरून नॉर्वेपर्यंत चढते, आइसलँडच्या जवळून ग्रीनलंडच्या दक्षिण टोकापाशी येते आणि मग कॅनडावरून खाली न्यूयॉर्कला उतरते. या वाटेची लांबी सुमारे १२,५३० किलोमीटर आहे. नकाशावर वाकडी दिसणारी वाट सरळ दिसणाऱ्या वाटेपेक्षा जवळजवळ १,७०० किलोमीटरने कमी आहे. गोल पृथ्वीची साल सोलून ती कागदावर सपाट पसरायची म्हटले की ध्रुवांकडचा भाग ताणावा लागतो, आणि त्या ताणामुळे नकाशावर उत्तरेकडची अंतरे प्रत्यक्षापेक्षा कितीतरी मोठी दिसतात. दोष वाटेचा नसून कागदाचा आहे.

अशा लांबच्या अंतरासाठी जे सूत्र वापरतात त्यात दोन्ही ठिकाणांच्या अक्षांश-रेखांशांच्या ‘ज्या’ (साइन) आणि ‘कोज्या’ (कोसाइन) घ्याव्या लागतात. दर्यावर्दी लोकांनी त्यासाठी वापरलेल्या एका सोयीस्कर सूत्रात ‘उत्क्रमज्या’ (एकातून कोज्या वजा केल्यावर उरते ती) ही राशी अर्धी करून घेतलेली असते. उत्क्रमज्येची कोष्टके आपल्याकडे सूर्यसिद्धान्तात आहेत आणि ज्योतिर्विद ती आपल्या गणितात वापरत असत. धनुष्याच्या दोरीवरून आलेला आपला ‘ज्या’ हा शब्दच अरबी आणि लॅटिनमधून फिरून ‘साइन’ या रूपात आपल्या पाठ्यपुस्तकात परत आला आहे. विमानातला संगणक आज प्रत्येक क्षणी हेच गणित करत असतो.

विमान जमिनीपासून दहा-अकरा किलोमीटर उंचीवरून जाते, मग त्याची वाट जमिनीवरच्या अंतरापेक्षा लांब होत नाही का, अशी शंका येऊ शकते. होते, पण अगदी थोडी. पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किलोमीटर आहे आणि तिच्यात अकरा किलोमीटरची भर म्हणजे एक टक्क्याचा पाचवा हिस्सासुद्धा नाही. मुंबई–न्यूयॉर्कच्या संपूर्ण प्रवासात त्यामुळे वीसएक किलोमीटर वाढतात. त्याहून कितीतरी जास्त भर इतर कारणांनी पडते.

त्या कारणांतले पहिले म्हणजे आकाश मोकळे दिसत असले तरी ते मोकळे नाही. विमाने ठरवून दिलेल्या हवाई मार्गांवरून, ठरवून दिलेल्या बिंदूंना स्पर्श करत जातात. यांतल्या बहुतेक बिंदूंना पाच अक्षरांचे एक उच्चारता येईल असे नाव दिलेले असते आणि वैमानिकाच्या मार्गपत्रिकेत त्या नावांची ओळच लिहिलेली असते. शिवाय काही क्षेत्रे लष्करासाठी राखीव असतात. सोलापूर–मुंबईचे सूत ज्या लोहगाववरून जाते तेथे भारतीय वायुसेनेचा मोठा तळ आहे, त्यामुळे प्रवासी विमानाने त्या भागातून केव्हा, किती उंचीवरून आणि कोणत्या बाजूने जायचे हे हवाई वाहतूक नियंत्रक ठरवतात. दुसरे कारण धावपट्टीचे. विमान शक्यतो वाऱ्याच्या समोर तोंड करून उडते आणि उतरते, म्हणून ज्या दिशेला जायचे त्याच्या उलट दिशेने उड्डाण करून मग वळसा घ्यावा लागू शकतो. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्हींवरून एकाच वेळी स्वतंत्रपणे विमाने सोडता येत नाहीत आणि गर्दीच्या वेळी येणाऱ्या विमानांना आकाशात रांगेत घिरट्या घालत थांबावे लागते.

देशांच्या सीमा तर याहून मोठा फरक घडवतात. फेब्रुवारी २०१९ च्या अखेरीपासून जुलै २०१९ च्या मध्यापर्यंत पाकिस्तानचे आकाश भारतातून जाणाऱ्या बहुतेक विमानांना बंद होते आणि एप्रिल २०२५ मध्ये ते भारतीय विमान कंपन्यांना पुन्हा बंद झाले. दिल्लीहून युरोपकडे जाणाऱ्या विमानांना अशा वेळी आधी दक्षिणेकडे येऊन अरबी समुद्रावरून वळसा घ्यावा लागतो. दोन शहरे जागच्या जागी असतात, त्यांच्यातले हवाई अंतर एक मीटरनेही बदललेले नसते, तरी प्रत्यक्ष उडायचे अंतर शेकडो किलोमीटरने वाढते आणि त्याबरोबर इंधन, वेळ आणि भाडेही वाढते.

आता वेळेकडे येऊ. ३६१ किलोमीटरला ताशी ८०० ने भागले तर सत्तावीस मिनिटे येतात, ही सुरुवातीची आकडेमोड. पण ताशी ८०० हा वेग जेट विमानाला वर चढून स्थिरावल्यानंतर मिळतो. धावपट्टी सोडताना त्याचा वेग साधारण ताशी अडीचशे किलोमीटर असतो आणि चढताना तो हळूहळू वाढत जातो. उतरण्याचेही तसेच आहे. वैमानिकांचा एक जुना ठोकताळा असा की प्रत्येक हजार फूट उंची सोडण्यासाठी तीन सागरी मैल राखून ठेवावेत. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, आणि तो अक्षांशाच्या एका कलेइतका, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाइतका असतो. सोलापूरहून निघालेले विमान २६,००० फुटांवर गेले असे धरले, तर त्याला मुंबईच्या आधी ७८ सागरी मैलांवर, म्हणजे सुमारे १४५ किलोमीटरवर उतरायला सुरुवात करावी लागेल. पुणे मुंबईपासून हवाई मार्गाने सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहे. म्हणजे पुणे येण्याआधीच विमान खाली येऊ लागलेले असते! पहिला तिसरा हिस्सा चढण्यात आणि शेवटचा त्याहून मोठा हिस्सा उतरण्यात गेल्यावर ताशी आठशेने जाण्यासाठी मधला जेमतेम शंभर किलोमीटरचा तुकडा उरतो.

म्हणून जाणकार लोक वेळेचा अंदाज करताना साधा भागाकार न करता अंतराला ८०० ने भागून त्यात अर्धा तास मिळवतात. मुंबई–दिल्ली सुमारे १,१४० किलोमीटर आहे. भागाकाराने ८६ मिनिटे येतात आणि अर्धा तास धरून ती दोन तासांच्या जवळ जातात. मुंबई–न्यूयॉर्कसाठी याच रीतीने सोळा तासांच्या थोडे वर उत्तर येते आणि थेट विमानाला प्रत्यक्षातही साधारण तेवढाच वेळ लागतो. सोलापूर–मुंबईसाठी सत्तावन्न मिनिटे येतात. या अर्ध्या तासाचे ओझे लांबच्या प्रवासात जाणवत नाही. जवळच्या प्रवासात मात्र ते प्रत्यक्ष अंतराच्या वेळेपेक्षाही मोठे ठरते.

यातूनच आणखी एक गोष्ट स्पष्ट होते. सोलापूर–गोवा मार्गावर पंख्यांचे एटीआर विमान वापरले गेले आणि ‘पंख्याचे विमान म्हणजे जुने आणि संथ’ अशी समजूत अनेकांच्या मनात असते. त्या विमानाचा वेग ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास असतो, हे खरे. पण तीनशे किलोमीटरच्या अंतरात जेट विमानाला आपला पूर्ण वेग वापरायला वावच मिळत नाही, त्यामुळे दोघांच्या वेळेत पडणारा फरक दहा-पंधरा मिनिटांचा असतो आणि इंधन मात्र पंख्याच्या विमानाला बरेच कमी लागते. अशा अंतरासाठी ते योग्यच विमान आहे.

वेळेवर सर्वांत जास्त सत्ता वाऱ्याची चालते, आणि हा भाग समजून घेताना पंढरपूरची चंद्रभागा डोळ्यांसमोर आणावी. पावसाळ्यात पाणी वाहते असताना होडी प्रवाहाबरोबर निघाली की वल्हवणाऱ्याला फारसे श्रम पडत नाहीत, आणि तीच होडी परत वर न्यायची तर हात भरून येतात. होडीचा पाण्यातला वेग तोच असतो. काठावरून पाहणाऱ्याला दिसणारा वेग बदलतो. विमान हवेत असेच असते. त्याचा हवेतला वेग ८०० असेल आणि पाठीमागून १०० चा वारा असेल, तर जमिनीच्या हिशेबाने ते ताशी ९०० ने जाते. वारा समोरून असेल तर ७०० नेच जाते. वारा बाजूने असेल, तर होडीवाला पलीकडच्या घाटाला लागण्यासाठी होडीचे नाक थोडे वरच्या अंगाला ठेवतो, तसे वैमानिक विमानाचे तोंड वाऱ्याकडे किंचित वळवून ठेवतो आणि त्यातही थोडा वेग खर्च होतो.

मुंबई–दुबई हे अंतर सुमारे १,९२५ किलोमीटर आहे. फक्त वाऱ्याचा परिणाम दिसावा म्हणून चढ-उतार बाजूला ठेवू. समोरच्या वाऱ्यात जाताना २ तास ४५ मिनिटे लागतील आणि पाठीमागच्या वाऱ्यात परत येताना २ तास ८ मिनिटे. दोन्ही मिळून ४ तास ५३ मिनिटे. वारा अजिबात नसता तर जाऊन-येऊन ४ तास ४९ मिनिटे लागली असती. जाताना वाऱ्याने जेवढे घेतले तेवढे येताना परत दिले नाही, कारण समोरच्या वाऱ्यात विमान अधिक वेळ राहते आणि पाठीमागच्या वाऱ्यात कमी. जाऊन-येऊन होणाऱ्या प्रवासात एकसारखा वाहणारा वारा नेहमी थोडे नुकसानच करतो, ही गोष्ट मला या सगळ्या विषयातली सर्वांत देखणी वाटते.

उंचावरचे हे वारे लहरी नसतात. त्यांनाही ऋतू असतात. हिवाळ्यात उत्तर भारतावर सुमारे बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जोरदार जेट प्रवाह असतो आणि त्याचा वेग ताशी दीडशे-दोनशे किलोमीटरपर्यंत सहज जातो. म्हणून त्या दिवसांत आखातातून किंवा युरोपातून भारताकडे येणारी विमाने लवकर पोहोचतात आणि जाणारी रखडतात. पावसाळ्यात हा प्रवाह हिमालयाच्या पलीकडे सरकतो आणि आपल्या द्वीपकल्पावर त्याच्या नेमका उलट, पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारा उंच जेट प्रवाह तयार होतो. त्याचा शोध १९५० च्या दशकात पी. कोटेश्वरम या भारतीय हवामानशास्त्रज्ञांनी घेतला. खाली आपल्या माळरानावर नैर्ऋत्येचे वारे धूळ उडवत असताना माथ्यावर पंधराएक किलोमीटरवर हवा उलट दिशेने वाहत असते, हे जमिनीवरून कळतही नाही.

वाऱ्यासाठी लांबची वाट धरणेही कधीकधी शहाणपणाचे ठरते. दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला जाणारे एअर इंडियाचे विमान आधी अटलांटिकवरून जात असे. ऑक्टोबर २०१६ मध्ये ते पूर्वेकडून, पॅसिफिक महासागरावरून नेण्यात आले. ही वाट सुमारे १५,३०० किलोमीटरची, म्हणजे आधीच्या वाटेपेक्षा जवळजवळ १,४०० किलोमीटरने लांब होती, तरीही पाठीमागच्या वाऱ्यामुळे ती साडेचौदा तासांच्या आसपास पूर्ण झाली आणि जवळजवळ दोन तास वाचले. तसेच ९ फेब्रुवारी २०२० रोजी अटलांटिकवर वादळी वारे असताना ब्रिटिश एअरवेजचे एक विमान न्यूयॉर्कहून लंडनला चार तास छप्पन्न मिनिटांत पोहोचले. एरवी त्या प्रवासाला सहा-साडेसहा तास लागतात.

येथे मुले एक प्रश्न हटकून विचारतात आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, सोलापूरच्या अक्षांशावर तिचा पृष्ठभाग ताशी जवळजवळ १,५९० किलोमीटरने सरकतो, तर विमान नुसते वर जाऊन थांबले म्हणजे खालून पृथ्वी सरकून गेल्यावर पश्चिमेकडचे शहर पूर्वेकडे सरकून आपल्याखाली का येत नाही? याचे उत्तर धावत्या आगगाडीत मिळते. डब्यात बसून नाणे वर उडवले तर ते परत हातातच पडते, मागच्या बाकावर जात नाही, कारण नाणे, हात आणि डब्यातली हवा हे सगळे गाडीच्या वेगाने पुढे जातच असतात. विमान, विमानतळ आणि भोवतालचे वातावरण पृथ्वीबरोबर तसेच फिरत असतात. म्हणून पूर्वेला जाणे आणि पश्चिमेला जाणे यांतला वेळेचा फरक पृथ्वीच्या फिरण्याने थेट पडत नाही, तो वाऱ्याने पडतो. जेट प्रवाह तयार होण्यात मात्र पृथ्वीच्या फिरण्याचा वाटा मोठा आहे, त्यामुळे मुलांच्या मनातली शंका अगदीच निराधार नसते.

तिकिटावर छापलेला वेळ हा हवेतला वेळ नसतो. उभ्या गाडीच्या चाकाखाली आपण उटी लावतो, तशा ठोकळ्या उभ्या विमानाच्या चाकांना लावलेल्या असतात. त्या काढून विमान जागेवरून हलले की घड्याळ सुरू होते आणि दुसऱ्या विमानतळावर त्या पुन्हा लावल्या की थांबते. जमिनीवर धावपट्टीपर्यंत हळूहळू जाणे, आपल्या पाळीची वाट पाहणे, उतरल्यावर ठरलेल्या जागी येणे, हे सगळे त्यात धरलेले असते, आणि मुंबईसारख्या ठिकाणी त्याला वीस-पंचवीस मिनिटे सहज लागतात. त्यावर कंपन्या काही राखीव मिनिटेही ठेवतात. विमान कधीकधी उशिरा सुटूनही वेळेवर पोहोचते, ते या मिनिटांमुळे.

परदेशाच्या तिकिटावर आणखी एक चकवा असतो. त्यावरची प्रत्येक वेळ त्या त्या गावच्या घड्याळाची असते. दुबईचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. मुंबईहून पहाटे चारला निघून सव्वातीन तासांनी पोहोचलात, तर तेथे पावणेसहा वाजलेले असतील आणि प्रवास पावणेदोन तासांचा वाटेल. परत येताना सकाळी दहाला निघून दोन तास पन्नास मिनिटांत मुंबई गाठली, तरी येथे दुपारचे दोन वीस झालेले असतील आणि प्रवास चार तास वीस मिनिटांचा वाटेल. दोन्ही वेळा आपल्या भारतीय घड्याळात मांडून मगच वजाबाकी करावी. घड्याळ आणि सूर्य यांतले हे अंतर देशाच्या आतही असते, फक्त आपण ते मानत नाही. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावरून ठरते, सोलापूर त्याच्या पश्चिमेला साडेसहा अंशांहून थोडे अधिक आहे आणि प्रत्येक अंशाला चार मिनिटे लागतात. त्यामुळे आपल्याकडे सूर्य माथ्यावर यायला घड्याळातले बारा वाजून सरासरी सव्वीस मिनिटे व्हावी लागतात. मुंबईत तर जवळजवळ अडतीस.

शेवटचा हिशेब घरच्या उंबऱ्यापासूनचा, आणि प्रवास करणाऱ्याला खरा उपयोग त्याचाच होतो. सोलापूर शहरातून होटगी रस्त्याच्या विमानतळावर जायला वीस-पंचवीस मिनिटे लागतात. उड्डाणाच्या दीड तास आधी पोहोचायचे, विमानात सव्वा तास, सामान घेऊन बाहेर पडायला अर्धा तास आणि नंतर मुंबईतली वाहतूक. अंधेरी किंवा विलेपार्ल्याला जायचे असेल तर सगळे मिळून चार-सव्वाचार तासांत काम होते. फोर्टातल्या कार्यालयात जायचे असेल तर पाच तासांच्या पुढे जाते. १० फेब्रुवारी २०२३ रोजी सुरू झालेली वंदे भारत सोलापूरहून मुंबईच्या मुख्य टर्मिनसला साडेसहा तासांत नेते आणि फोर्ट तेथून चालत जाण्याइतका जवळ आहे. स्थानकावर अर्धा तास आधी गेले तरी सात तास. म्हणजे हवेतला एक तास आणि रुळांवरचे साडेसहा तास यांतला साडेपाच तासांचा फरक घर ते कार्यालय मोजताना दोन तासांवर येतो. आणि जो अक्कलकोटहून निघून ठाण्याला किंवा कल्याणला जाणार आहे, त्याने विमानतळाकडची आणि विमानतळावरून मागे ठाण्याकडची अशा दोन्ही वाटा मोजून, मग रात्री सोलापुरात बसून पहाटे कल्याणला उतरवणाऱ्या सिद्धेश्वर एक्सप्रेसशी त्यांची तुलना करावी.